गिनीपिगच्या लघवीत रक्त: आधी गोळ्या की आधी एक्स-रे?

गिनीपिगची लघवी लाल दिसली, किंवा लघवी करताना तो कुबड काढून चीं-चीं ओरडायला लागला, की मराठवाड्यात घरच्यांपुढे दोन वाटा असतात. जवळच्या दवाखान्यातून आठवडाभराचं अँटिबायोटिक आणून बघायचं. नाहीतर परभणी-उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत किंवा छत्रपती संभाजीनगरातल्या पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यापर्यंत जाऊन आधी एक्स-रे काढायचा. पहिली वाट सोपी आणि स्वस्त. तरी माझं मत दुसरीलाच.

कारण या प्राण्याची घडणच वेगळी आहे. आपलं शरीर खाल्लेल्यातलं गरजेपुरतंच कॅल्शियम घेतं. गिनीपिग मिळेल तेवढं शोषतो आणि जास्तीचं लघवीवाटे टाकतो. म्हणून धडधाकट गिनीपिगची लघवीही थोडी गढूळ असते आणि वाळल्यावर पांढरा डाग राहतो. हेच कॅल्शियम मूत्राशयात साचलं की गाळ होतो, पुढे खडा. हे खडे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. ते एक्स-रेत लख्ख दिसतात, पण औषधानं विरघळत नाहीत. मांजरांचे काही खडे खास आहारानं विरघळतात; तो हिशेब इथं चालत नाही.

गोळ्या आधी दिल्या तर फसगत होते ती अशी: खड्यासोबत अनेकदा जंतुसंसर्गही असतो. अँटिबायोटिकनं तो दबतो, रक्त थांबतं, घरचे निश्चिंत होतात. गोळ्या संपल्या की पुन्हा तेच, आणि तोवर खडा वाढलेला.

प्रवास लगेच शक्य नसेल आणि प्राणी खात असेल, लघवीही होत असेल, तर औषधानं सुरुवात करायला हरकत नाही. पण कोणतं औषध, हे विचाराच. कुत्र्यांना सर्रास दिलं जाणारं अमॉक्सिसिलिन गिनीपिगला तोंडानं दिलं तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि जीवही जाऊ शकतो. पेनिसिलिन गटातली बाकीची औषधं, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन यांचंही तेच. ट्रायमेथोप्रिम-सल्फा किंवा एन्रोफ्लॉक्सासिन सहसा चालतं. मात्रा डॉक्टरांनी वजनावरून ठरवायची. आणि मूतखड्यावर माणसं खातात ती पानफुटी याला मुळीच देऊ नका. त्यात हृदयावर परिणाम करणारं विष असतं.

नर असेल, जोर करतोय आणि थेंबही येत नाही, तर तुलनेचा प्रश्नच नाही. त्याच तासाला निघा. मादीत आणखी एक घोळ: रक्त गर्भाशयातूनही येतं, म्हणून तिची सोनोग्राफीही करून घेतलेली बरी.

एक्स-रेत खडा दिसला तर शस्त्रक्रिया की वाट बघणं? मादीची मूत्रनलिका आखूड आणि रुंद असते. बारीक खडा आपोआप पडतो, किंवा भूल देऊन डॉक्टर तो खालूनच काढतात. नरात तोच खडा नलिकेत अडकतो, त्यामुळे तिथं थांबण्यात जोखीम जास्त. मोठा खडा असेल तर दोघांनाही शस्त्रक्रियाच. नुसता गाळ असेल तर सलाइन, वेदनाशामक आणि डॉक्टरांना योग्य वाटलं तर पोटॅशियम सायट्रेट. शस्त्रक्रियेनंतरही खडे पुन्हा होतात, म्हणून चाऱ्याकडे बघावंच लागतं.

इथं लोक आधी बोअरच्या पाण्यावर संशय घेतात आणि फिल्टर बसवतात. जरा आकडे मांडू. एक किलोचा प्राणी दिवसाला साधारण 100 मिली पाणी पितो. लिटरमध्ये 150 मिलिग्रॅम कॅल्शियम असलेलं जड पाणी धरलं तरी त्यातून 15 मिलिग्रॅम जातं. वाळलेल्या लसूणघासात कॅल्शियम सव्वा टक्क्याच्या वर. 30 ग्रॅम खाल्ला की जवळपास 400 मिलिग्रॅम. तेवढ्याच साध्या वाळल्या गवतात अर्धा टक्का धरून 150. फिल्टर बसवा हवं तर, पण बाजारातून लसूणघासाची पेंढी आणणं आधी थांबवा. घास वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, मोठ्यांना मारवेल किंवा हरळी. तयार खाद्याच्या पाकिटावर अल्फाल्फा लिहिलेलं असेल तर तोही घासच. कोवळी ज्वारी तर नकोच, तिची विषबाधा गुरं पाळणाऱ्यांना ठाऊक आहे.

क जीवनसत्त्व गिनीपिगचं शरीर बनवत नाही; रोज ढोबळी मिरचीची फोड द्या. पाणी कोणतंही असो, पोटात जास्त जाऊ द्या: भाजी धुवून ओलीच द्यायची, मे महिन्यात बाटली दोनदा बदलायची.

लांबच्या दवाखान्यात जायचं ठरलं तर उन्हाळ्यात पहाटे निघा आणि खोक्यात गवत भरून ठेवा. ऑपरेशन आहे म्हणून आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवू नका. गिनीपिगला उलटी होत नाही, त्यामुळे उपाशी ठेवायची गरज नसते; उलट पोट रिकामं राहिलं तर आतडी थंडावतात आणि मग ऑपरेशनपेक्षा तेच जड जातं.