चादरीवर आईची हाक : नवी पेठेतील भरतकामाच्या एका दुकानाविषयी

आईसाठी सोलापुरी चादर घेऊन तिच्यावर नाव भरून द्यायचे असेल, तर सोलापूरच्या नवी पेठेतील एका गल्लीत संगणकीय भरतकाम करणारे जे छोटे दुकान आहे, तेथेच जावे असे माझे मत आहे. इतरत्र बहुधा ‘मॉम’ किंवा ‘प्रिय आई’ असे तयार नमुने पुढे केले जातात. येथे दुकानदार आधी विचारतात, “घरात पोरं काय म्हणत्यात, तेवढं सांगा.”

सोलापुरात हे विचारावेच लागते. पूर्व भागातील तेलुगूभाषक विणकरांच्या घरात ‘अम्मा’, कन्नड घरात ‘अव्वा’, उर्दू बोलणाऱ्या घरात ‘अम्मी’, खेड्यातून आलेल्या कुटुंबात ‘आय’, आणि या सर्वांच्या नातवंडांच्या तोंडी ‘मम्मी’. दुकानातील नमुन्यांच्या वहीत या साऱ्या हाका शेजारी शेजारी भरलेल्या दिसतात. मला माझ्या आईसाठी ‘वहिनी’ हा शब्द हवा होता. एकत्र कुटुंबात काका तिला त्याच नावाने हाक मारत, ते ऐकून आम्ही भावंडेही तेच म्हणू लागलो आणि मोठेपणीही ते बदलले नाही. ‘आई’ लिहा, असा आग्रह दुकानदारांनी धरला नाही. त्यांच्याकडे ‘अक्का’ आणि ‘काकू’ यांच्याही ऑर्डरी येतात, म्हणून त्यांना त्यात नवल वाटले नाही.

दुसरी चादर पत्नीसाठी होती आणि तेथे आमचे मतभेद झाले. धाकटा अजून ‘मम्मा’ म्हणतो. थोरली शाळेत रुळल्यापासून ‘आई’ म्हणू लागली आहे, आणि हट्ट करताना ‘ए आई गं’ असे लांबवते. चादर पुष्कळ वर्षे टिकते, हाक दोन-तीन वर्षांत बदलते, म्हणून ‘आई’च भरावे, असा दुकानदारांचा सल्ला होता. व्यवहार म्हणून तो योग्यच आहे. तरीही मी ‘मम्मा’ भरून घेतले, कारण जी हाक लवकरच घरातून जाणार आहे, तीच कापडावर राहावी असे मला वाटते. मोठी झालेली मुले स्वतःच्या लेकरांसमोर आईलाच ‘आजी’ म्हणू लागतात, हे आपण घरोघरी पाहतो.

भरतकाम उत्तम आहे. शिरोरेषा अक्षरागणिक तुटत नाही, ‘म्म’मधील अर्धा म नीट जुळलेला आहे आणि धुतल्यावर धाग्याचा रंग उतरला नाही. टॉवेलवर काम करताना ते वरून पाण्यात विरघळणारा पातळ पडदा लावतात, त्यामुळे टॉवेलचे फासे अक्षरांतून वर येत नाहीत.

उणीव आहे ती मागच्या बाजूची. सोलापुरी चादर जॅकार्ड मागावर, म्हणजे कापडातच नक्षी विणणाऱ्या मागावर, दुहेरी विणलेली असते. एका बाजूला नक्षीचा जो रंग, तोच दुसऱ्या बाजूला जमिनीचा, म्हणजे नक्षीमागच्या कापडाचा, आणि म्हणून ती दोन्हीकडून पांघरता येते. भरतकामामुळे मात्र उलट बाजूस धाग्यांच्या गाठी आणि टोचणारे अस्तर राहते. तेथे मऊ सुती कापडाचा तुकडा शिवून दिला, तर हा दोष सहज जाईल. मी तशी विनंती केली आहे. विणतानाच नाव घालावे, तर त्यासाठी नक्षीचा आराखडाच नव्याने करावा लागतो आणि एका चादरीसाठी ते परवडत नाही.

भरतकामाची मजुरी चादरीच्या किमतीच्या मानाने मला रास्त वाटली. संक्रांतीच्या सुमारास, सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, कामाला उशीर होतो, तेव्हा ऑर्डर आधीच द्यावी. हाक कागदावर स्वतःच्या हाताने लिहून न्यावी आणि यंत्र सुरू होण्यापूर्वी संगणकाच्या पडद्यावरची अक्षरे वाचून पाहावीत. ‘वहिनी’तील ‘हि’ आधी दीर्घ झाली होती, ती त्यांनी लगेच दुरुस्त केली.