हृदयाचा व्हॉल्व्ह बदलायचाय: मेटलचा बसवायचा की टिश्यूचा?

सर्जननी हा प्रश्न विचारला की बहुतेक घरांतून एकच उलट प्रश्न येतो: "डॉक्टर, चांगला कुठला?" चांगले दोन्ही आहेत. मेटलचा व्हॉल्व्ह सहसा जन्मभर टिकतो, पण रक्त पातळ ठेवायची गोळीही जन्मभर घ्यावी लागते. टिश्यूच्या, म्हणजे जनावराच्या अवयवापासून बनवलेल्या, व्हॉल्व्हला ती गोळी बहुधा सुरुवातीचे काही महिनेच लागते, पण तो झिजतो आणि पुढे पुन्हा बदलावा लागू शकतो. आमच्या घरात दोन्ही आहेत. धाकट्या भावाचा मायट्रल व्हॉल्व्ह (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधला) लहानपणच्या र्‍हुमॅटिक तापाने, म्हणजे घशाच्या संसर्गानंतर येऊन हृदयाला इजा करणाऱ्या आजाराने, खराब झाला, त्याला पस्तिशीत मेटलचा बसवला. आईचा एऑर्टिक (हृदयातून शरीराकडे रक्त जातं तिथला) वयामुळे कडक झाला होता, तिला सत्तरीनंतर टिश्यूचा. दोघांना रोज बघून माझं मत पक्कं झालंय. ऑपरेशन पार पडतं, माणूस आठवड्या-दहा दिवसांत घरी येतो, पण त्यानंतरची वीस वर्षं कशी जाणार आहेत ते बघून व्हॉल्व्ह निवडावा.

त्याआधी एक विचारून घ्या: बदलायलाच हवा का? गळणाऱ्या मायट्रलची पुष्कळदा दुरुस्ती होते, आणि ती नीट जमली तर आपला स्वतःचा व्हॉल्व्ह केव्हाही बरा. र्‍हुमॅटिकमुळे आखडलेला मायट्रल काही जणांत मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन मोकळा करता येतो. ते होईल की नाही हे टूडी इकोवरून, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवरून, कळतं.

वयाचा हिशोब असा. अमेरिकेतल्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एऑर्टिकसाठी पन्नाशीच्या आत मेटलचा, 65 नंतर टिश्यूचा, आणि मधल्या वयात रुग्णाकडे बघून. मायट्रलसाठी 65 हीच रेघ धरतात. युरोपच्या 2021 च्या सूचना थोड्या पुढेमागे तेच सांगतात. पण आपल्याकडे र्‍हुमॅटिकचे रुग्ण विशी-तिशीतही ऑपरेशनला येतात. त्यांच्यासाठी वयाची रेघ फक्त सुरुवात आहे.

गोळीचं खरं ओझं

मेटलचा म्हणतात, पण आजच्या बहुतेक व्हॉल्व्हची पाती खास कठीण कार्बनची असतात, दाराच्या दोन फळ्यांसारखी उघडझाप करणारी. भारतात बनलेला, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचा व्हॉल्व्ह 1990 पासून वापरात आहे, त्यात एकच तिरकी होणारी चकती असते. कुठलाही घेतला तरी त्या पृष्ठभागावर रक्त गोठू पाहतं. म्हणून रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन किंवा एसिट्रॉम.

या गोळीचा डोस सगळ्यांना सारखा नसतो. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते आकड्यात सांगणारी आयएनआर तपासणी करून तो ठरवतात. हा आकडा एऑर्टिकला साधारण 2 ते 3 हवा, मायट्रलला 2.5 ते 3.5. खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. भावाच्या फ्रिजजवळच्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेखाली 'एक' किंवा 'अर्धी' लिहिलेलं असतं आणि तपासणीच्या दिवशी लाल पेनने आकडा. आता डोस बसलाय, तरी महिन्याला एकदा रक्त द्यावंच लागतं.

पुण्यात हे जमतं. कोथरूडला राहा की हडपसरला, जवळपास लॅब असते आणि संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर येतो. पण रुग्ण मुळशी-वेल्ह्याच्या आतल्या गावात राहणार असेल, रक्त द्यायला यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार असेल, तर मेटलचा घेण्याआधी शंभरदा विचार करा. 'येऊ की महिन्यातून एकदा' असं ऑपरेशनआधी सगळेच म्हणतात. वर्षभराने बरं वाटायला लागलं की खाडे सुरू होतात, आणि गुठळीने बंद पडलेला व्हॉल्व्ह जिवावर बेततो. व्हॉल्व्हचा टिकटिक आवाज दबल्यासारखा वाटला आणि दम लागला तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं, हे भावाच्या बायकोलाही सांगून ठेवलंय. तो आवाज रात्री शांततेत तिलाही ऐकू येतो. पहिले काही महिने त्रास झाला, मग सवय झाली.

खाण्याबद्दल फार घबराट असते. पालक, मेथी, शेपू, अळू यांत व्हिटॅमिन के असतं आणि ते गोळीच्या विरुद्ध काम करतं, हे खरं. म्हणून पालेभाजी बंद करायची नसते, आठवड्याचं प्रमाण सारखं ठेवायचं. श्रावणात रोज अळूची भाजी आणि एरवी महिनोन्‌महिने पालेभाजी नाही, असं केलं की आकडा हलतो. जास्त धोका औषधांचा. जुलाबावर सर्रास दिली जाणारी मेट्रोनिडाझोल आयएनआर वर नेते, अंगदुखीवरच्या आयब्युप्रोफेन-डायक्लोफेनॅकने रक्तस्राव होऊ शकतो. मेडिकलवाल्याला विचारून परस्पर गोळी घेणं आणि डॉक्टरांना न सांगता काढा सुरू करणं, दोन्ही बंद.

"आता तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या आल्यात ना?" आल्यात, पण मेटलच्या व्हॉल्व्हसाठी नाहीत. त्यांतल्या डॅबिगाट्रानची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने थांबवावी लागली, 2022 मध्ये एपिक्साबानचीही थांबली. कुणी नातेवाइकाने सुचवलं तरी बदलू नका.

मूल हवं असलेल्या तरुण मुलीसाठी हा निर्णय सगळ्यांत अवघड. वॉरफरिनमुळे पहिल्या तीन महिन्यांत बाळात व्यंग येऊ शकतं, आणि गोळी बदलून इंजेक्शनवर गेलं तर व्हॉल्व्हवर गुठळीची भीती वाढते. टिश्यूचा घेतला तर गरोदरपण सोपं जातं, पण तरुण वयात तो लवकर झिजतो, म्हणजे मुलं लहान असतानाच दुसरं ऑपरेशन. हे लग्नाआधी, सासरच्यांसकट, स्पष्ट बोललेलं बरं. तिच्याशी आधी, बाकीच्यांशी नंतर.

टिश्यूचा घेताना

तो गाईवर्गातल्या जनावराच्या हृदयावरच्या पडद्यापासून किंवा डुकराच्या व्हॉल्व्हपासून बनवतात. आमच्याकडे देवघर आहे, एकादशी आहे, त्यामुळे हे आईला आधीच सांगितलं. तिने दोन दिवस घेतले आणि मग हो म्हणाली. कुणी नाही म्हणेल, तोही त्यांचा हक्क. रुग्णापासून लपवू नका, एवढंच माझं म्हणणं.

टिकतो साधारण 10 ते 15 वर्षं, म्हाताऱ्या माणसात त्याहून जास्तही. तरुणात आणि मायट्रलच्या जागी लवकर कडक होतो. आईच्या वयाला हे गणित बसतं: दर वर्षी एक टूडी इको, आणि रक्त पातळ करायची गोळी काही महिन्यांनी बंद. हृदयाचे ठोके कायम अनियमित असतील तर मात्र ती गोळी टिश्यूच्या व्हॉल्व्हलाही चुकत नाही, मग त्याचा मोठा फायदाच उरत नाही.

छाती न उघडता मांडीच्या धमनीतून बसवतात तो तावी, हाही टिश्यूचाच. 2002 मध्ये फ्रान्समध्ये पहिल्यांदा केला, आता वापीत बनलेला भारतीय व्हॉल्व्हही मिळतो. आखडलेल्या एऑर्टिकसाठी ऐंशीच्या पुढे किंवा ऑपरेशन झेपणार नसेल तिथे वरदान. पेसमेकर लागण्याची शक्यता थोडी जास्त, आणि खर्च उघड्या ऑपरेशनच्या कितीतरी पट. पन्नाशीच्या धडधाकट माणसाने केवळ टाके नकोत म्हणून याच्या मागे लागू नये.

पैशांचं सांगायचं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत व्हॉल्व्ह बदलण्याचं ऑपरेशन येतं. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला योजनेत नेमका कोणता व्हॉल्व्ह मिळतो ते विचारा. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत असतात, त्यासाठी तिथल्या समाजसेवकांना भेटा. मेटलचा हिशोब मांडताना दर महिन्याची तपासणी धरा, टिश्यूचा मांडताना दुसरं ऑपरेशन.

कुठलाही घ्या, दातांची तपासणी ऑपरेशनआधी उरका. किडलेल्या दातातून रक्तात गेलेले जंतू नव्या व्हॉल्व्हवर बसतात. नंतरही दात काढायचा असेल तर आधी अँटिबायोटिक लागतं, आणि एसिट्रॉम स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

टिश्यूचा ठरला तर सर्जनना विचारा, कुठल्या मापाचा बसेल? पुढे तो झिजला तर तावीच्या पद्धतीने त्याच्या आतच नवा बसवता येतो, पण पहिलाच फार लहान असेल तर आत जागा उरत नाही. आणि दुरुस्तीचा प्रयत्न होणार असेल, तर ती टेबलावर जमली नाही तर कोणता बसवायचा हेही रुग्णाने आदल्या दिवशीच सांगून ठेवायचं आणि संमतिपत्रावर लिहून घ्यायचं. त्या वेळी बाहेर बसलेल्या नातेवाइकांना विचारायला कुणी आलं, तर पाच मिनिटांत ठरवायची ही गोष्ट नाही.