एम.एस.डब्ल्यू. कुठे करायचं? मंगळुरू, बंगळुरू, मुंबई की घरूनच

मे महिन्यात गावी गेले की सल्ला मागायला कोणी ना कोणी अंगणात येतंच. वाडीत एम.एस.डब्ल्यू. (मास्टर ऑफ सोशल वर्क) झालेली मी एकटी, त्यामुळे 'सोशल'चं काहीही निघालं की बोट माझ्याकडे. यंदा वरच्या घरातल्या काकी आल्या. मुलगी कुडाळला बी.ए. झाली, आता समाजकार्य शिकायचं म्हणते. तिनं मोबाइलवर यादी करून आणली होती: मंगळुरूचं सेंट अलॉयशियस, बंगळुरूचं क्राइस्ट, मुंबईचं निर्मला निकेतन, टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), आणि काहीच जमलं नाही तर घरून शिकता येणारं इग्नू हे मुक्त विद्यापीठ. काकींचा प्रश्न मात्र एकच होता.

"गो, ता किरिस्तांवांचा मां? चेडवाक बाटवतले तर?" (ते ख्रिस्त्यांचं ना? मुलीला बाटवतील तर?)

मुलगी शरमून पायाच्या अंगठ्यानं शेण उकरायला लागली. मला हसू आलं नाही. माझ्या वेळी हाच प्रश्न आजीनं विचारला होता, आणि त्याच आजीनं आयुष्यभर दुखणं-खुपणं वेंगुर्ल्याच्या मिशनच्या दवाखान्यात नेलं होतं. दवाखाना चालतो, पण कॉलेज म्हटलं की धास्ती. (याच वेंगुर्ल्यात १९१९ साली एका मिशनरी डॉक्टरच्या घरी रॉबर्ट गोहीन जन्मले. पुढे ते अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि नंतर अमेरिकेचे भारतातले राजदूत. आमच्या शाळेत हे कोणी सांगितलं नाही.)

तर आधी बाटण्याचं. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात वा प्रार्थनेत भाग घ्यायला लावता येत नाही, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३) मध्ये लिहिलेलं आहे. कागद बाजूला ठेवला तरी माझा अनुभव तोच. कार्यक्रमाच्या सुरुवातीला प्रार्थना, नाताळला केक, होस्टेल सिस्टरांचं असेल तर फाटक बंद व्हायची वेळ ठरलेली. यापलीकडे काही नाही. निर्मला निकेतन (१९५५) आणि मंगळुरूचं समाजकार्याचंच कॉलेज रोशनी निलय (१९६०) ही दोन्ही 'डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी' या सिस्टरांच्या एकाच संघाची. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९० साली, हा संघ सुरू झाला आणि तेव्हापासून त्यांच्यात झगा घालण्याची पद्धतच नाही. समोर साडी नेसून शिकवणाऱ्या बाई सिस्टर आहेत की नाहीत, हे सहज ओळखू येत नाही.

आणि ज्या टिसबद्दल काकींना काही शंका नव्हती, त्याचं मूळ कुठे आहे? क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाचा अमेरिकन मिशनरी नागपाड्याच्या वस्तीत नेबरहूड हाउस चालवत होता. त्याच्या आग्रहातून आणि टाटा ट्रस्टच्या पैशातून १९३६ साली समाजकार्याची देशातली पहिली शाळा निघाली, ती म्हणजे आजची टिस. वर्गात गेल्यावर पहिल्याच महिन्यात केसवर्कची, म्हणजे एकेका माणसाबरोबर करायच्या कामाची, जी सात तत्त्वं घोकून घेतात, तीही फेलिक्स बिस्टेक या जेझुइट पाद्रीनं १९५७ साली मांडलेली. समोरच्याचा न्यायनिवाडा करू नये, त्याचा निर्णय त्यालाच घेऊ द्यावा, त्यानं सांगितलेलं गुप्त ठेवावं, वगैरे. म्हणजे पाद्री टाळायचा म्हटला तर हा विषयच सोडावा लागेल. यातलं गुप्ततेचं तत्त्व लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

विद्यापीठ ख्रिस्ती, की कॉलेज ख्रिस्ती?

यादीतली सगळी नावं काकींना सारखीच 'किरिस्तांवांची' वाटली, पण त्यांत एक मोठा फरक आहे आणि तो खिशाला लागतो. क्राइस्ट हे अभिमत विद्यापीठ. सी.एम.आय. या केरळी संघानं १९६९ साली कॉलेज काढलं, २००८ साली त्याला अभिमत दर्जा मिळाला. सेंट अलॉयशियस जेझुइटांचं, १८८० पासूनचं कॉलेज. ते अभिमत विद्यापीठ झालं अगदी अलीकडे, २०२४ मध्ये. इथे अभ्यासक्रम त्यांचा, परीक्षा त्यांची, पदवीही त्यांची आणि फीसुद्धा त्यांनी ठरवलेली. निर्मला निकेतन ख्रिस्ती संस्थेचं असलं तरी मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे, पदवी मुंबई विद्यापीठाची. अनुदानित कॉलेजची फी आणि अभिमत विद्यापीठाची फी यांत अनेक पटींचा फरक पडतो. शिवाय बंगळुरूला राहण्याचा खर्च वेगळा.

आरक्षणाचंही आधीच विचारून घ्या. खासगी संस्थांना प्रवेशात आरक्षण लागू करण्याची मुभा देणारा अनुच्छेद १५(५) अल्पसंख्याक संस्थांना वगळतो, आणि सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये ते वगळणं कायम ठेवलं. त्यामुळे जातीचा दाखला आहे म्हणून जागा मिळेल, हे अल्पसंख्याक दर्जाच्या संस्थेत गृहीत धरता येत नाही. काही संस्था आपणहून जागा ठेवतात, काही फक्त फीत सवलत देतात. उलट सिंधुदुर्गातल्या एखाद्या ख्रिस्ती घरातल्या मुलीला याच संस्थेत अल्पसंख्याक कोट्याचा फायदा होऊ शकतो. शिष्यवृत्तीचं गणित तर आणखी किचकट. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या बहुतेक फी सवलती राज्यातल्या संस्थांपुरत्या आहेत. अनुसूचित जातीसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती राज्याबाहेर शिकतानाही मिळू शकते, कारण ती मूळ राज्याकडून येते. प्रवेशाची फी भरण्याआधी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, समाजकल्याणच्या कार्यालयात एक खेप मारा. नंतर मारून उपयोग नाही.

आठवड्यातले ते दोन दिवस

आता खरा मुद्दा. एम.एस.डब्ल्यू. दोन वर्षांचं, चार सेमिस्टरचं. वर्गात शिकवतात ते कमी-जास्त फरकानं सगळीकडे सारखं: केसवर्क, ग्रुपवर्क, समुदाय संघटन, संशोधन, प्रशासन. वेगळं असतं ते फिल्डवर्क. साधारण आठवड्यातले दोन दिवस विद्यार्थ्यानं एखाद्या संस्थेत, वस्तीत किंवा हॉस्पिटलमध्ये जायचं, घरोघर फिरायचं, परत येऊन रेकॉर्डिंग, म्हणजे भेटींचा लेखी अहवाल, लिहायचं आणि ते सुपरवायझरपुढे ठेवून आय.सी.मध्ये (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स, सुपरवायझरशी एकट्यानं बसून होणारी चर्चा) बोलणी खायची. मधे ग्रामीण शिबिर, शेवटी ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे महिनाभर सलग एका संस्थेत काम. तुम्ही सोशल वर्कर होता की नुसते पदवीधर, ते या दोन दिवसांत ठरतं.

आणि हे दोन दिवस कोणत्या भाषेत जाणार, हे कोणत्याच माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

माझी एक सावंतवाडीची मैत्रीण मंगळुरूच्या एका कॉलेजात शिकली. वर्ग इंग्रजीत, तिथे ती पहिली. पहिली होम व्हिजिट मात्र एका तुळू बोलणाऱ्या बाईच्या घरी. नवऱ्याच्या दारूबद्दल विचारायचं होतं. हिला तुळू येईना, बाईला हिंदी येईना, शेवटी शेजारच्या दहा वर्षांच्या मुलाला दुभाषा म्हणून बसवलं. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट सगळ्या गल्लीला कळली होती. बिस्टेकचं गुप्ततेचं तत्त्व पाठ होतं, पण ते पाळायला भाषाच नव्हती. पहिली दोन सेमिस्टर तिची रेकॉर्डिंग कोरडीच राहिली.

पण गोष्ट इथे संपत नाही. दुसऱ्या वर्षी तिला बंदराकडच्या मासेमारांत काम मिळालं. तिथल्या ख्रिस्ती बायका कोंकणी बोलायच्या, आणि आमची मालवणी काही त्यांना परकी नाही. मासळीचा भाव, खवळलेला दर्या, होडीचं कर्ज, सगळं ओळखीचं. ८ सप्टेंबरला मोंती फेस्तला त्यांनी हिला घरी बोलावलं. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमधून आशीर्वाद घेऊन घरी आणतात आणि ते दाणे सगळ्यांनी मिळून खायचे. ही म्हणाली, "अरे, हे तर आपलं नवं!" त्या वर्षीचं तिचं काम मी वाचलं आहे, आणि मला हेवा वाटला होता.

तेव्हा सिंधुदुर्गातली मुलगी मंगळुरूला तरून जाईल, पण कोणत्या वस्तीत टाकतात यावर. रायगडच्या मुलीला तेच जड जाईल. बंगळुरूला कन्नड, तमिळ, तेलुगू असली तरी बऱ्याच वस्त्यांत हिंदी-दखनीवर निभावतं.

मुंबईत काय? माझं पहिलं वर्ष जवळपास फुकट गेलं, हे सांगायला लाज नाही. मला ज्या संस्थेत पाठवलं तिथे तीन महिने पाकिटं चिकटवली आणि पाहुण्यांना चहा दिला. शहर मोठं, संस्था खूप, म्हणून फिल्डवर्क चांगलंच असेल असं नाही. दुसऱ्या वर्षी परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये गेले आणि दुसऱ्याच दिवशी कॉरिडॉरमध्ये कोणीतरी म्हणालं, "ताई, तुम्ही खयच्या?" राजापूरचा माणूस, बायकोच्या कॅन्सरसाठी आलेला, खिशात केशरी रेशनकार्ड. त्याला सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत कसं बसवायचं, उत्पन्नाचा दाखला तलाठ्यापासून तहसीलपर्यंत कसा फिरतो, धर्मादाय हॉस्पिटलांत गरिबांसाठी दहा टक्के खाटा मोफत आणि दहा टक्के सवलतीत असतात त्या कशा मिळवायच्या, हे सगळं मी तिथे शिकले. आज त्याच शिदोरीवर नोकरी करते. मंगळुरूत शिकले असते तर कर्नाटकच्या योजना आणि कर्नाटकचे फॉर्म पाठ झाले असते. ते काम तिथे राहणाऱ्याला उपयोगी, परत येणाऱ्याला सगळं पुन्हा शिकावं लागतं.

टिसबद्दल मी थोडक्यात आटपते. नाव मोठं, ग्रंथालय मोठं, वादविवाद भरपूर. प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या परीक्षेतून आणि स्पर्धा देशभराची. पदवीवर एम.एस.डब्ल्यू. नाही तर एम.ए. समाजकार्य लिहिलेलं असतं, त्याला घाबरू नका. लागलं तर जा, पण लागेलच या भरवशावर बाकीचे फॉर्म भरायचे सोडू नका. इग्नूचं एम.एस.डब्ल्यू. नोकरी करणाऱ्यांसाठी, आधीच एखाद्या संस्थेत काम करणाऱ्यांसाठी ठीक. फिल्डवर्क त्यातही आहे, पण बरंचसं आपलं आपणच सांभाळावं लागतं. एकविसाव्या वर्षी घरात बसून ते करणं मला पटत नाही.

ज्यांची मुलं बारावीलाच आहेत आणि दक्षिण सिंधुदुर्गात राहतात, त्यांनी पणजीच्या डॉन बॉस्को कॉलेजचं बी.एस.डब्ल्यू. जरूर पाहावं. तेही ख्रिस्ती संस्थेचंच, सालेशियन या संघाचं. आपली माणसं आजारी पडली की नाहीतरी गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलातच जातात.

शिकून कुठे राहायचं?

मुलीला मी हेच विचारलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "परत यायचंय. पण इथे नोकरी कुठे आहे?"

प्रश्न बरोबर आहे. पण काम इथे नाही असं कसं म्हणू? प्रत्येक वाडीत चाकरमान्यांची बंद घरं आणि उघड्या घरांत एकटे म्हातारे. रायगडात वीटभट्टीवर आणि कोळसा पाडायला जाणारी कातकरी कुटुंबं, त्यांची शाळेबाहेरची मुलं. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं, तळिये गावावर डोंगर आला, तेव्हा ब्लँकेटं वाटणारे हजार आले. महिन्याभरानंतर माणसांशी बोलत बसणारे किती होते, ते तिथल्या लोकांनाच विचारा. पगारी जागा थोड्या आहेत, हे खरं. सरकारी हॉस्पिटलांत समाजसेवा अधीक्षक, बालसंरक्षण कक्ष, समुपदेशकांच्या कंत्राटी जागा, कंपन्यांचं सी.एस.आर. (समाजोपयोगी कामांचा विभाग) आणि रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय, राज्यातल्या अशा चारांपैकी एक. तिथल्या कामाची ओढ असेल तर मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याची व्याख्या आधी वाचा. सायकियाट्रिक सोशल वर्कर म्हणवून घ्यायला त्यात एम.एस.डब्ल्यू.वर एम.फिल. धरली आहे, आणि एम.फिल.चे नियम सध्या बदलत आहेत.

म्हणून माझा कौल असा. परत यायचं असेल तर मुंबई, आणि मुंबईत ख्रिस्ती संस्थेचं संलग्न कॉलेज मिळत असेल तर डोळे झाकून, कारण शिस्त तीच मिळते आणि फी अभिमत विद्यापीठाची नसते. समुपदेशन किंवा एच.आर.कडे जायचं असेल, इंग्रजी पक्कं करायचं असेल आणि दोन वर्षं घरापासून लांब पण गर्दीच्या शहराबाहेर राहायचं असेल, तर मंगळुरू. बंगळुरू फक्त पैशाची सोय असेल आणि परतीचा विचार सोडला असेल तरच. दुसरं कोणी वेगळं सांगेल, त्याचंही ऐका.

कुडाळहून दोन्ही टोकं साधारण सारखीच लांब, मंगळुरूला मत्स्यगंधा आणि मुंबईला कोकणकन्या. मी मुलीला सांगितलं की दोन्हीकडे एकेकदा जाऊन ये, पण ऑफिसात चौकशी करू नकोस. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला कॅन्टीनमध्ये गाठ आणि विचार: गेल्या आठवड्यात फिल्डवर गेलीस तेव्हा कोणाशी, कोणत्या भाषेत बोललीस? आय.सी. दर आठवड्याला होते का? तुझं रेकॉर्डिंग शेवटचं कोणी वाचलं?

तिनं तिन्ही प्रश्न मोबाइलमध्ये लिहून घेतले. काकी उठता उठता म्हणाल्या, "मंगळुरात मासे तरी बरे गावतत मां?" मी म्हटलं, ते चांगले मिळतात.