रुगर १०/२२ साठी मॅगपुलचा हंटर एक्स-२२ स्टॉक: घ्यावा का?

इकडे टेक्सासमध्ये रुगर १०/२२ म्हणजे घरोघरची रायफल, पॉइंट टू टू, १९६४ पासून चालू आहे. रायफल झकास, पण कंपनीचा नेहमीचा स्टॉक, म्हणजे नळी ज्यात बसते तो खांद्याला टेकवायचा दस्ता, एकाच मापाचा, ट्रिगरपासून खांद्यापर्यंत साधारण १३.५ इंच, म्हणजे मला तोकडा आणि बायकोला लांब. त्यात वर स्कोप (नेमाची दुर्बीण) लावला की गाल टेकायला काही उरतच नाही, मान उंचावून चित्र शोधत बसायचं. लोक महागडा स्कोप घेतात, भारीतली गोळी घेतात आणि माप कोणी बघत नाही!

बॉइड्स कंपनीचे लॅमिनेट लाकडी स्टॉक दिसायला एक नंबर, मन तिकडेच होतं. होग कंपनीचा रबरी हाताला छान पण लांबी बदलत नाही. मॅगपुलच्या या हंटरमध्ये मागच्या पॅडच्या आत स्पेसर (जाड चकत्या) घालून १२.५ ते १४.५ इंच करता येतं, मात्र रेंजवर माणूस बदलला की बदला असं नाही, पॅड खोलावा लागतो. दोघांत एक असेल तर बुटक्याच्या मापाने लावा, उंच माणूस आखूड स्टॉकवर भागवून नेतो, उलटं होत नाही.

नुसत्या स्टॉकला इथे कायद्याने बंदूक धरत नाहीत, त्यामुळे थेट घरपोच. बसवणं सोपं आहे, पण आधी मॅगझिन काढा, बोल्ट (बाजूच्या दांडीने मागे सरकणारा भाग) ओढून चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, रिकामी आहे हे बघा, बोट घालूनही बघा. मग बॅरल बँड, म्हणजे नळी स्टॉकला धरून ठेवणारा पट्टा, काढायचा (तो परत लागत नाही, डब्यात टाका), खालचा एकच मोठा स्क्रू काढायचा आणि सेफ्टीचं बटण अर्ध्यावर ठेवायचं, नाहीतर ते अडकतं आणि लोक उगाच जोर लावत बसतात, मग नळी वर उचलली की अख्खं बाहेर. ट्रिगरचा सगळा संच ज्यात असतो त्या ट्रिगर हाउसिंगच्या पिना स्टॉकच्याच आधाराने असतात, तेव्हा खाली टॉवेल अंथरा. आतला ट्रे उलटवला की जाड बुल बॅरलपण बसते, स्टॉक कुठे तासावा लागत नाही. स्क्रू आवळताना पैलवानकी नको, रिसीव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात असतो तो मधला भाग, अॅल्युमिनियमचा आहे.

प्लास्टिक आहे पण भरीव वाटतं, पोकळ डबडं नाही. खटकतं एवढंच की गालाचा उंचवटा, म्हणजे चीक रायझर, वेगळा विकत घ्यावा लागतो. स्कोपवाल्यांनी तो सोबतच मागवा, त्याच्याशिवाय अर्धा फायदा गेला.