सी ड्राइव्ह भरलाय: विझट्री की विनडरस्टॅट?

वडोदऱ्यात आपल्या घरांतून लॅपटॉप भरला की पहिली कुऱ्हाड लग्नाच्या फोटोंवर पडते. कृपया थांबा, आधी जागा कुणी खाल्लीय ते बघा.

कोणत्या फाइलनं डिस्कवर किती जागा घेतलीय ते दाखवणारे विझट्री आणि विनडरस्टॅट हे विंडोजवरचे दोन प्रोग्राम. घरासाठी मी विझट्रीच सुचवेन. ते फोल्डरमागून फोल्डर उघडत बसत नाही. एनटीएफएस (विंडोजची नेहमीची डिस्क-मांडणी) ड्राइव्हची मास्टर फाइल टेबल, म्हणजे सगळ्या फाइलींची यादी, थेट वाचतं, म्हणून भली मोठी डिस्कही पटकन उलगडते. फक्त ते ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. एक्सफॅट या वेगळ्या मांडणीच्या पेनड्राइव्हवर मात्र हा वेग मिळत नाही.

दांडिया बाजारात पेढी किंवा ऑफिस असेल तर गोष्ट वेगळी. व्यवसायासाठी विझट्रीचं लायसन्स विकत घ्यावं लागतं. विनडरस्टॅट मुक्तस्रोत आहे, सगळीकडे फुकट. त्याची जुनी १.१.२ आवृत्ती घेऊ नका, फार रेंगाळते. २.० पासून वेग बराच सुधारलाय.

रंगीत चौकोनांचा नकाशा दोन्हींत असतो. त्यात 'हायबरफिल डॉट सिस' नावाचा मोठा चौकोन दिसला तर हाताने उडवायला जाऊ नका. हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून लॅपटॉप बंद करायची सोय) बंद केलं की ती फाइल आपोआप जाते. 'विंडोज डॉट ओल्ड' हा जुन्या विंडोजच्या फाइलींचा फोल्डर असेल तर तोही हाताने न उडवता विंडोजच्याच डिस्क क्लीनअपमधून काढा. मात्र त्यानंतर जुन्या विंडोजवर परत जाता येत नाही.