वायरलेस कीबोर्ड हलंत खात असेल तर आधी पोर्ट बघा

बटणं मऊ, आवाज कमी, टेबलावर गुंता नाही, हे सगळं कबूल. पण रोज मराठी टाइप करणाऱ्यासाठी खरी परीक्षा एकाच बटणाची, ती म्हणजे डीची. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड मांडणीत हलंत, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह, तिथेच असतो. तो गळला की ‘रस्ता’चा ‘रसता’ होतो, आणि मराठीचं स्पेलचेक बहुतेकांकडे बंदच असल्यामुळे पत्र तसंच पुढे जातं. सोलापुरात एकाच कीबोर्डवर मराठीबरोबर कन्नड नाहीतर तेलुगूही चालते. इनस्क्रिप्टमध्ये तिन्हींचा हलंत डीवरच, त्यामुळे कुठल्याच भाषेत सुटका नाही.

अक्षरं गळू लागली की पहिला संशय सेलवर जातो. सर्व्हिसवाला तर ‘नवीन घ्या’ म्हणून मोकळा. नवे सेल घालूनही गळती तशीच राहिली, तर डोंगल, म्हणजे कीबोर्डचा सिग्नल पकडणारा छोटा यूएसबी तुकडा, कुठे खोचलाय ते बघा. आतून निळा पोर्ट म्हणजे बहुधा यूएसबी ३.०. शेजारी हार्डडिस्कवर कॉपी चालू झाली की तिथून निघणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो, आणि डोंगल नेमका त्याच पट्ट्यात ऐकत असतो. त्यात तो सीपीयूच्या मागे, पत्र्याच्या आड असला तर बघायलाच नको. यूएसबी २.०ची मीटरभर एक्स्टेन्शन केबल घ्या, काळ्या पोर्टात लावा आणि डोंगल टेबलावर कीबोर्डपासून वीतभर अंतरावर आणून ठेवा. वायरलेसला वायर जोडायची म्हणजे थट्टाच, पण गळती थांबते. केबलआधी दोन स्टार देणार होतो, आता चार.

पाचवा स्टार झोपेपायी गेला. थोडा वेळ हात थांबला की कीबोर्ड झोपतो आणि उठताना पहिलं अक्षर गिळतो. आधी नुसती शिफ्ट दाबून उठवा, तिने काही उमटत नाही.

साधे स्वस्त सेल संपल्यावर आत ठेवू नका, फुटून स्प्रिंग गंजते. अल्कलाइन सेल गळून पांढरी पूड धरली असेल तर कापसाच्या बोळ्याला थोडं व्हिनेगर लावून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असल्यामुळे लाल दिवा लवकर लागू शकतो, लगेच फेकू नका. यंत्रमागाच्या आसपास राहणाऱ्यांच्या स्पेसबारखाली सुताची तूस साचते. बार ओढून काढू नका, खालची तार निसटते. कीबोर्ड उलटा धरून ब्रश फिरवा.

डोंगल मात्र सांभाळा. स्वस्त मॉडेल दुसऱ्या डोंगलशी सहसा जुळत नाहीत. ने-आण करताना सेलच्या कप्प्यात खाच असेल तर तिथेच ठेवा.