अर्धवेळ नोकरी लपवायला लावणारा सल्लागार

२०२४ च्या जानेवारीत मी माजी सैनिकांना अपंगत्वाच्या भरपाईचे अर्ज करून देणाऱ्या एका सल्लागार कंपनीच्या करारावर मोबाइलवरूनच सही केली, आणि त्या कराराची पाने मी वाचलेली नव्हती, हे आधीच कबूल करतो. अमेरिकी सैन्यात नोकरी केलेल्या आपल्या मुलांवर आणि त्यांच्या घरच्यांवर अशी वेळ येऊ नये, म्हणून जे घडले ते क्रमाने लिहीत आहे.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. न्यू जर्सीत शिकायला आलो आणि व्हिसावर असलेल्यांना भाषेच्या जोरावर सैन्यात घेणाऱ्या, २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘मावनी’ योजनेतून हिंदीच्या जागेवर भरती झालो. २०१२ मध्ये कंदाहारजवळ आमची गाडी सुरुंगावर चढली. पाठ तेव्हापासून अधू आहे आणि झोपेचे तर विचारूच नये. व्हीएने, म्हणजे माजी सैनिकांच्या केंद्रीय खात्याने, पीटीएसडीसाठी (आघातानंतर जडणाऱ्या मानसिक विकारासाठी) ५० आणि पाठीसाठी ४० टक्के अपंगत्व मान्य केले. त्यांच्या हिशेबात या दोहोंचे ९० होत नाहीत. पहिले ५० गेल्यावर जे ५० उरतात त्यांचे ४० टक्के धरतात, म्हणून एकूण ७०. गोदामातली पूर्णवेळ नोकरी २०२१ मध्ये सुटली. त्यानंतर मावसभावाच्या किराणा दुकानात गल्ल्यावर आठवड्याला बारा तास बसू लागलो. पाठ धरली की मागच्या खोलीत आडवे व्हायचे आणि वाटले तर घरी जायचे, अशी सवलत दुसऱ्या कोणी मालकाने दिली नसती. वर्षाकाठी साडेनऊ हजार डॉलरच्या आसपास पगार होई.

सैन्यातल्या नोकरीतून आलेल्या अपंगत्वामुळे ज्याला स्थिर, पोट भरेल अशी नोकरी करता येत नाही, त्याची टक्केवारी शंभराहून कमी असली तरी शंभर टक्क्यांच्या दराने भरपाई देण्याची तरतूद व्हीएच्या नियमांत आहे. तिला सगळे ‘आययू’ म्हणतात. एकच अपंगत्व असेल तर ते किमान ६० टक्के, आणि एकाहून अधिक असतील तर त्यांतले एक किमान ४० व एकूण किमान ७० टक्के असावे लागते. मी त्यात बसत होतो. २०२४ च्या दराने एकट्या माणसाला ७० टक्क्यांवर महिन्याला १,७१६ डॉलर आणि शंभर टक्क्यांवर ३,७३७ डॉलर मिळत, म्हणजे फरक दोन हजारांहून अधिक होता. मात्र मला एकाच प्रश्नाने अडवले होते : दुकानात बसत असताना ‘नोकरी करता येत नाही’ असे कोणत्या तोंडाने लिहायचे?

गणपतीच्या पंगतीत भेटलेल्या एका परिचित काकांनी या कंपनीचा नंबर दिला. (माझे नाव पुढे केल्याबद्दल त्यांना कंपनीकडून भेटकार्ड मिळाले होते, हे पुष्कळ नंतर कळले.) फोनवरचा माणूस स्वतःही माजी सैनिक असल्याचे सांगत होता आणि दर वाक्याला मला ‘ब्रदर’ म्हणत होता. आमच्या घरात वडिलांसकट तीन पिढ्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेल्या. फौजेतला माणूस फौजेतल्या माणसाला बुडवत नाही, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेले. तो म्हणाला, “दुकानाचे काम लिहिलेत तर अर्ज त्याच दिवशी फेटाळला जाईल. ते सोडून द्या, बाकीचे आम्ही पाहतो.” डॉक्टरांच्या अहवालासाठी त्याने १,५०० डॉलर आगाऊ घेतले आणि ‘अर्जाची स्थिती पाहण्यासाठी’ म्हणून माझा सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, घेतला. उरलेले शुल्क ‘भरपाई वाढली तरच’ द्यायचे होते, आणि ते किती, हे मी वाचायला हवे होते.

फेब्रुवारीत अर्ज गेला. २१-८९४० या फॉर्मवर शेवटच्या पाच वर्षांतील सर्व काम, स्वतःचा धंदा असला तर तोही, लिहावा लागतो. माझ्या फॉर्मवर २०२१ नंतरची जागा कोरी होती आणि खाली सही माझी होती. कंपनीचे नाव त्या कागदांवर कोठेही नव्हते. पगाराची नोंद सोशल सिक्युरिटी खात्याकडे असते आणि व्हीए ती ताडून पाहते, हे मला ठाऊक नसले तरी त्या माणसाला नक्कीच ठाऊक असणार. जुलैत अर्ज फेटाळल्याचे पत्र आले. आपण २०२१ पासून काम केले नाही असे दाखवले आहे, परंतु पगाराच्या नोंदी वेगळे सांगतात, असा त्यातला मजकूर होता. सरकारी कागदावर जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा केंद्रीय गुन्हा आहे, हे त्या रात्री मी प्रथमच शोधून वाचले. कंपनीला फोन केला तर ‘फॉर्म तुम्हीच तपासून सही केला आहे’ एवढेच उत्तर मिळाले.

शेवटी अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संस्थेत अर्जांना मदत करणाऱ्या ‘सर्व्हिस ऑफिसर’ बाईंकडे गेलो. अशा संस्था हे काम फुकट करतात. भारतात वडिलांचे कागद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने असेच एक पैसा न घेता मार्गी लावले होते, तरी मला इथे तशी सोय शोधण्याची बुद्धी झाली नाही. बाईंनी आधी व्हीएच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त प्रतिनिधींची यादी उघडली. त्या कंपनीचे नाव तीत नव्हते. मग त्यांनी जे सांगितले ते ऐकून मला हसावे की रडावे ते कळेना : अर्धवेळ काम लपवण्याची गरजच नव्हती. एका माणसासाठी जनगणना खात्याने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेहून कमी कमाई, जी तेव्हा वर्षाला पंधरा-सोळा हजार डॉलरच्या घरात होती, नियमाने ‘किरकोळ’ धरली जाते आणि तिच्यामुळे आययूचा हक्क जात नाही. कमाई त्याहून जास्त असली, तरी घरच्या दुकानासारख्या सांभाळून घेणाऱ्या जागी केलेले काम किरकोळ ठरू शकते. म्हणजे मी खरे लिहिले असते तर ते माझ्याच बाजूचे होते.

सप्टेंबरमध्ये आम्ही पूरक दावा केला, म्हणजे नव्या पुराव्यासह फेरविचार मागितला. पहिल्या फॉर्ममध्ये काय गाळले गेले आणि का, याचे माझे लेखी निवेदन त्याला जोडले. मावसभावाने तास, पगार आणि आडवे होण्याच्या सवलतीसह सारे लिहून दिले. निकालानंतर वर्षाच्या आत गेल्यामुळे पहिल्या अर्जाची तारीख टिकली. २०२५ च्या जानेवारीत आययू मंजूर झाली आणि २०२४ च्या मार्चपासूनची थकबाकी, वीस हजार डॉलरहून थोडी अधिक, खात्यात जमा झाली.

तिसऱ्या दिवशी कंपनीचे बिल आले. मी कोणालाही काही सांगितले नव्हते. अशा काही कंपन्यांची यंत्रणा माजी सैनिकाचा सोशल सिक्युरिटी क्रमांक टाकून व्हीएच्या फोन सेवेला वरचेवर फोन लावते आणि रक्कम वाढली की लगेच ओळखते, असे बाईंनी सांगितले. बिल होते १०,१०७ डॉलरचे, म्हणजे मासिक वाढीच्या पाचपट. ही वाढ त्यांनी मिळवून दिलेली नव्हती, त्यांनी घालवलेली बाईंनी परत आणली होती. पण करारात ‘कोणत्याही मार्गाने वाढ झाल्यास’ असे शब्द होते. कायद्याने पहिल्या अर्जासाठी कोणालाच शुल्क घेता येत नाही, आणि नकारानंतर मान्यताप्राप्त वकील नेमला तर थकबाकीच्या वीस टक्क्यांपर्यंतचे शुल्क वाजवी धरतात, म्हणजे माझ्या बाबतीत सुमारे चार हजार. तरीही अशा कंपन्या उघडपणे चालतात, कारण बेकायदा शुल्क घेणाऱ्यांसाठी असलेली फौजदारी शिक्षा २००६ च्या दुरुस्तीत निघून गेली.

मी पैसे दिलेले नाहीत. व्हीएची भरपाई आगाऊ दुसऱ्याच्या नावे लिहून देता येत नाही, हे त्यांना कळवले आणि व्हीएच्या विधी कार्यालयाकडे, केंद्रीय व्यापार आयोगाकडे व राज्याच्या महाधिवक्त्यांकडे तक्रारी केल्या. अहवालाचे १,५०० डॉलर परत आले नाहीत आणि वसुली करणाऱ्यांची पत्रे अजून येतात. दुकानात मी अजूनही आठवड्याला बारा तास बसतो, आणि आता ते व्हीएकडे लेखी आहे.